एलईडी बसवला आणि रस्ता आखूड झाला: एका हेडलाईटचा प्रकरण अभ्यास

"समोरचे सगळे डिपर मारतात, आणि मला मात्र खड्डा पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही." मोटारसायकलच्या मालकाची तक्रार एवढीच होती. पण ती नीट ऐकली तर त्यात दोन उलट गोष्टी आहेत. समोरच्याचे डोळे दिपतात एवढा उजेड गाडीत आहे, मग तो रस्त्यावर का नाही?

गाडी साधारण दहा वर्षं वापरलेली, एका सिलिंडरची, गोल हेडलाईटची. मूळ बल्ब एच४ जातीचा हॅलोजन, ६०/५५ वॅट: हाय बीम (लांबचा झोत) ६०, लो बीम (खाली झुकलेला, जवळचा झोत) ५५. पुढची काच सपाट आणि पारदर्शक, म्हणजे उजेडाला आकार देण्याचं सगळं काम आतल्या पैलू पाडलेल्या रिफ्लेक्टरचं, म्हणजे खोलगट आरशाचं. हेडलाईटचा मध्य जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर. मालकाचं जाणं-येणं बहुतेक रात्रीचं, दिवे नसलेल्या दुपदरी रस्त्यावरून, ताशी ६० च्या आसपास वेगाने.

वर्षभरात हेडलाईट हळूहळू मंद होत गेली होती. त्यावर उपाय म्हणून त्याने एलईडी बल्ब आणला. जुना काढून त्याच जागी नवा बसवायचा, वायर कापायची गरज नाही, अशातला. पहिल्या रात्री तो खूश होता. चाकापुढे पांढराशुभ्र उजेड, जणू चादर अंथरली आहे. मग समोरून डिपर यायला लागले. त्याने हेडलाईटचा स्क्रू फिरवून झोत खाली केला. डिपर कमी झाले, पण आता दूरचं काहीच दिसेना. त्याचा निष्कर्ष असा की बल्ब कमी पडतोय, याहून मोठा घ्यायला हवा. गाडी माझ्याकडे आली ती या टप्प्यावर, दुसरा बल्ब मागवायच्या आधी. त्याला हवं होतं ते एवढंच, की गाडीचं वायरिंग मोठा बल्ब झेपवेल का ते सांगा.

भिंतीसमोर

हेडलाईटबद्दल काहीही बोलण्याआधी ती भिंतीवर पाडून बघावी. सपाट जमीन, सपाट भिंत, बरोबर ५ मीटर अंतर, टायरमध्ये नेमकी हवा, गाडी स्टँडवर नाही तर दोन चाकांवर, आणि सीटवर तिचा नेहमीचा चालक. भिंतीवर हेडलाईटच्या मध्याच्या उंचीला आडवी चिकटपट्टी लावायची. सगळी मापं त्या पट्टीपासून खाली मोजायची.

चांगल्या लो बीमला वरून एक धारदार कड असते. कडेच्या वर अंधार, खाली उजेड. हिला कट-ऑफ म्हणतात. मोटारसायकलच्या काही हेडलाईटमध्ये ही कड सरळ आडवी असते, काहींमध्ये आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेला ती थोडी वर चढते. कट-ऑफ साधारण १ टक्का खाली झुकलेला ठेवतात, म्हणजे ५ मीटरवर ५ सेंटिमीटर. ८० सेंटिमीटर उंचीच्या हेडलाईटचा १ टक्का झुकलेला कट-ऑफ रस्त्याला ८० मीटरवर टेकतो.

या गाडीच्या भिंतीवर कड अशी नव्हतीच. वरचा काठ धूसर होता, उजेड पट्टीच्या बराच वरपर्यंत पसरलेला, मध्ये दोन काळपट उभे पट्टे आणि सगळ्यात उजळ डाग पार खाली. जिथे अंधुकसा काठ धरता येत होता ती जागा पट्टीच्या २० सेंटिमीटर खाली होती. ५ मीटरवर २० सेंटिमीटर म्हणजे ४ टक्के. ८० सेंटिमीटर भागिले ४ टक्के: झोत २० मीटरवर रस्त्याला टेकतो.

आता वेग बघा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडं जास्त. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी तेवढ्यात २५ मीटर गेलेली असते. पुढे कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला तरी थांबायला आणखी २३ मीटरच्या आसपास लागतात. एकूण ४८. उजेड २० मीटरचा, थांबायला लागतात ४८ मीटर. खड्डा दिसायच्या आधी चाक खड्ड्यात जाणार हे गणितातच लिहिलेलं आहे. ओल्या रस्त्यावर ४८ चे साठ होतात.

मालकाला हे पटायला वेळ लागला, कारण त्याच्या डोळ्यांना उजेड खरोखरच वाढलेला दिसत होता. चाकापुढच्या दहा मीटरमध्ये तो वाढलाही होता. पण उजेडाची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. १० मीटरवर जेवढा उजेड आहे तेवढाच ५० मीटरवर हवा असेल, तर त्या दिशेने २५ पट तीव्र झोत सोडावा लागतो. म्हणून चांगल्या हेडलाईटचा सगळ्यात प्रखर भाग कट-ऑफच्या जेमतेम खाली असतो आणि चाकापुढचा भाग मुद्दाम मवाळ ठेवलेला असतो. इथे नेमकं उलटं झालं होतं. त्यात डोळ्याची खोड अशी की तो समोरच्या सगळ्यात उजळ भागाशी जुळवून घेतो. जवळचा रस्ता झगझगीत झाला की त्यापलीकडचा अंधार आणखी गडद दिसतो. म्हणजे आहे तो दूरचा उजेडसुद्धा नीट वापरला जात नाही.

बल्ब आणि रिफ्लेक्टर ही जोडी आहे

एच४ बल्ब १९७१ पासून वापरात आहे. त्याची रचना साधी, पण फार हुशारीची आहे. आत दोन फिलामेंट असतात. हाय बीमचं फिलामेंट रिफ्लेक्टरच्या नाभीपाशी (समांतर किरण परावर्तित होऊन जिथे एकवटतात त्या बिंदूपाशी) असतं आणि पूर्ण रिफ्लेक्टर वापरतं. लो बीमचं फिलामेंट नाभीच्या थोडं पुढे, काचेच्या बाजूला असतं आणि त्याच्या खाली धातूची छोटी वाटी बसवलेली असते. फिलामेंट पुढे असल्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड खाली वळतो. खालच्या अर्ध्या भागावर पडला असता तर तो वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. वाटी तो अडवते. भिंतीवर दिसणारी कड ही त्या वाटीच्या काठाची सावली. फिलामेंट आणि वाटी यांच्या जागा प्रमाणित बल्बमध्ये मिलिमीटरच्या दशांशापर्यंत ठरवून दिलेल्या असतात, आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या जागा गृहीत धरून पाडलेला असतो.

मालकाने बसवलेला एलईडी काढून हातात घेतला. मधली धातूची पट्टी जवळजवळ ४ मिलिमीटर जाड, दोन्ही अंगांना पिवळ्या चिप. फिलामेंट म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, मधोमध बसवलेलं वेटोळं. इथे उजेडाचे दोन उगम होते, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे २ मिलिमीटर सरकलेले. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण अशा रिफ्लेक्टरची नाभी त्याच्या तळापासून साधारण २५ मिलिमीटरवर असते. उगम १ मिलिमीटर सरकला की झोत ढोबळमानाने ४ टक्के सरकतो, आणि आपण ज्याची एवढी काळजी घेतो तो झुकाव सगळा मिळून १ टक्का. म्हणजे उगम पाव मिलिमीटर हलला तरी मांडणी बिघडायला सुरुवात होते, आणि इथे तर दोन मिलिमीटर.

मधले काळे पट्टेही यातूनच आले. फिलामेंट स्वतःभोवती सगळीकडे उजेड टाकतं. चपट्या पट्टीवरच्या चिप डावी-उजवीकडे टाकतात, वर आणि खाली कमी. रिफ्लेक्टरच्या ज्या पैलूंना उजेडच पोचत नाही, ते भिंतीवर काळे दिसतात.

आणखी एक गोष्ट हाताला लागली. बल्बची कॉलर (बल्बला बैठकीत धरणारी कडी) सैल होती आणि बल्ब बैठकीत थोडा फिरलेला होता, त्यामुळे खालची वाटी एका अंगाला कलली होती. कॉलर सरळ करून घट्ट केली तेव्हा भिंतीवरचं चित्र जरा सुधारलं. एलईडी बसवून झालेल्यांनी निदान एवढं तरी तपासावं. पण पट्टीची जाडी काही कॉलर फिरवून कमी होत नाही.

खोक्यावर ८० वॅट आणि ८,००० लुमेन (बल्बच्या एकूण उजेडाचं माप) छापलं होतं. बॅटरीवर १४ व्होल्ट असताना बल्बने घेतले १.६ अँपिअर. म्हणजे २२ वॅट. बावीस वॅटमधून ८,००० लुमेन म्हणजे वॅटला ३६० च्या वर. गाडीत वापरतात तसे एलईडी तापलेल्या अवस्थेत वॅटला शंभराच्या आसपास देतात. म्हणजे खरे लुमेन दोन हजारांच्या घरात असावेत. वाईट नाहीत! प्रमाणित एच४ चा लो बीम १३.२ व्होल्टला सुमारे १,००० लुमेनचा आणि हाय बीम १,६५० चा असतो. लुमेन कमी पडत नव्हते, ते चुकीच्या ठिकाणी पडत होते. खोक्यावरचे आकडे वाचून बल्ब निवडणाऱ्यांनी अँपिअर मोजून हा भागाकार एकदा तरी करून बघावा.

गाडी उभी ठेवून बल्ब वीस मिनिटं चालू ठेवला, तर १.६ चे १.१ अँपिअर झाले. यात बल्बचा दोष नाही. चिप जास्त तापू नये म्हणून आतलं सर्किट स्वतःच करंट कमी करतं. हॅलोजनची बरीचशी उष्णता उजेडाबरोबर पुढे काचेकडे जाते. एलईडीची मागे, बुडाकडे जाते, आणि तिथून ती बाहेर काढायला मागे पंखा किंवा धातूचे पंख लावावे लागतात. चालत्या गाडीला वारा लागतो, त्यामुळे घट कमी होत असेल. पण बंद कवचाच्या हेडलाईटमध्ये तो वारा बल्बच्या बुडापर्यंत पोचतोच असं नाही.

या गाडीत तर तो पोचावा म्हणून मालकाने हेडलाईटच्या मागचं रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारं झाकण, कापलं होतं. पंखा त्यात मावत नव्हता. त्या भोकातून धूळ आत गेली आणि रिफ्लेक्टरवर तिचा पातळ थर बसला. टॉर्च तिरपी धरली तेव्हा कोपऱ्यात ओल सुकल्याचे डागही दिसले. हॅलोजनच्या उष्णतेने आतली ओल उडून जाते, एलईडीच्या थंड काचेमागे ती रेंगाळते. रिफ्लेक्टर पुसायचा मोह होतो, तो आवरावा. वरची अॅल्युमिनियमची चकाकी निर्वात पोकळीत चढवलेली असते आणि इतकी पातळ की कापडाने घासली की गेलीच. आम्ही फक्त हवेच्या हलक्या झोताने धूळ उडवली आणि नवं बूट घातलं.

मूळ दुखणं

आता खरा प्रश्न. एलईडी घ्यावासा का वाटला? मूळ दिवा मंद झाला म्हणून. मग तो मंद का झाला, हे कुणी बघितलंच नव्हतं.

जुना हॅलोजन बल्ब मालकाने ठेवला होता. तो परत लावला, इंजिन वाढीव फेऱ्यांवर ठेवलं. बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर: १४.२ व्होल्ट. चार्जिंग ठणठणीत. मग बल्ब चालू असताना कपलरच्या (बल्बला वायर जोडणाऱ्या प्लगच्या) मागून सुया घालून थेट बल्बच्या पायांवर मोजलं: १२.१. वाटेत २.१ व्होल्ट गायब. हे मोजमाप बल्ब चालू ठेवूनच करायचं असतं. कपलर काढून मोकळ्या टोकांवर मोजलं तर करंट वाहत नाही आणि व्होल्टेज पूर्ण दिसतं. मेकॅनिक "वायरिंग ओके आहे" म्हणतो ते बऱ्याचदा यामुळेच.

कुठे गायब, हे शोधायला मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या प्लसच्या पायावर ठेवली. १.४ व्होल्ट. तसंच मायनसच्या बाजूला ०.७. प्लसच्या बाजूचा मोठा वाटा हँडलवरच्या डिपर स्विचमध्ये सापडला. त्याचे संपर्क काळे पडले होते. उरलेला बल्बच्या कपलरमध्ये, त्याचं प्लास्टिक एका पायापाशी तपकिरी होऊन आत वितळायला लागलं होतं आणि पितळी क्लिप ढिली पडली होती. मायनसची वायर हँडलच्या मानेपाशी इतर वायरींबरोबर एकत्र जोडलेली होती आणि तो जोड गंजला होता. याची एक खूण मालकाला आधीपासून दिसत होती, फक्त तिचा अर्थ लागत नव्हता: इंडिकेटर लावला की हेडलाईट त्याच्या तालावर किंचित मिचमिचायची.

२.१ व्होल्टने एवढं काय बिघडतं? हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड ३० टक्के घसरतो. १२.१ व्होल्टला हा बल्ब १३.२ च्या मानाने जेमतेम तीन चतुर्थांश उजेड देत होता, आणि तोही पिवळसर.

एलईडी बसवल्याबरोबर हे दुखणं झाकलं गेलं. त्याच्या ड्रायव्हरला, म्हणजे आतल्या करंट सांभाळणाऱ्या सर्किटला, व्होल्टेज थोडं कमी असलं तरी फरक पडत नाही, ते करंट राखतं. शिवाय एलईडी ५५ वॅटच्या जागी २२ च वॅट घेतो, म्हणून त्याच खराब जोडांवरची घटही एक तृतीयांशावर येते. "एलईडी लावला आणि रात्रीचा दिवस झाला" असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची तुलना आजारी हॅलोजनशी असते, असं माझं मत आहे. निरोगी हॅलोजन त्यांनी बरीच वर्षं बघितलेलाच नसतो.

उपाय जुनाच आहे: रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विद्युत स्विच. बॅटरीपासून जाड वायरने दोन रिले, एक लो बीमचा आणि एक हाय बीमचा. जुन्या कपलरमधून येणारा करंट आता बल्ब पेटवत नाही, फक्त रिलेची कॉइल ओढतो. त्याला एक-दोन दशांश अँपिअर पुरतात, त्यामुळे काळवंडलेला स्विचही तेवढं काम आरामात करतो. बल्बची मायनस थेट बॅटरीवर नेली. कपलर नवा, उष्णता सोसणारा, चिनी मातीचा घातला. दोन बीमना दोन वेगळे फ्यूज दिले, बॅटरीच्या जवळात जवळ. एकाच फ्यूजवर दोन्ही बीम ठेवणारे तयार हार्नेस (वायर आणि रिलेचे जोडलेले संच) मिळतात, ते मला पटत नाहीत. फ्यूज उडाला तर वळणावर एकदम मिट्ट काळोख.

हे सगळं बॅटरीच्या डीसी करंटवर चालणाऱ्या हेडलाईटला लागू आहे. काही जुन्या आणि लहान गाड्यांत हेडलाईट थेट इंजिनवरच्या, वीज बनवणाऱ्या कॉइलच्या एसीवर चालते, इंजिन मंद झालं की दिवाही मंद होतो. तिथे हा हार्नेस असा लागत नाही, आणि साधा एलईडीही नीट चालत नाही, लुकलुकतो.

रिलेनंतर बल्बवर १३.६ व्होल्ट मिळाले. नवा, साधा, ६०/५५ वॅटचाच प्रमाणित हॅलोजन घातला. १२.१ वरून १३.६ म्हणजे हिशेबाने उजेड जवळजवळ दीडपट. याची किंमत म्हणजे बल्बचं आयुष्य: हॅलोजन नेमलेल्यापेक्षा ३ टक्के जास्त व्होल्टेजवर चालला की साधारण तिसरा हिस्सा आयुष्य कमी होतं. मालकाला हे सांगितलं, आणि एक जादा बल्ब सीटखाली ठेवायला सांगितला. त्याने १००/९० वॅटच्या बल्बबद्दल विचारलं. नाही. कपलर, रिफ्लेक्टर आणि चार्जिंग कॉइल, तिघांपैकी कुणीतरी आधी हार मानतं, आणि बहुतेक ठिकाणी तो रस्त्यावर वापरायला परवानगीच नाही.

दुसरा एलईडी

मालकाच्या डोक्यातून एलईडी गेला नव्हता, आणि मलाही निकाल भिंतीवर बघायचा होता. म्हणून चांगल्या घडणीचा एक बल्ब मिळवला: पट्टी पातळ, चिप फिलामेंटच्या लांबीएवढ्याच, लो बीमखाली व्यवस्थित वाटी, कॉलर फिरवून घट्ट करता येणारी. गाडी तीच, अंतर तेच, चालक तोच. कट-ऑफ दोन्हींचा पट्टीच्या ५ सेंटिमीटर खाली जुळवून घेतला. मग दोन जागी उजेड मोजणारा लक्समीटर धरला: पट्टीच्या ८ सेंटिमीटर खाली, म्हणजे रस्त्यावर ५० मीटरवर पोचणारी दिशा, आणि ४० सेंटिमीटर खाली, म्हणजे १० मीटरवर पोचणारी. मोबाईलमधल्या अॅपचे आकडे खरे मानायचे नसतात, पण एकच फोन त्याच जागी धरून तुलना करायला तोही चालतो.

पहिला, जाड पट्टीचा एलईडी ८ सेंटिमीटरच्या जागी हॅलोजनच्या निम्म्यालाही पोचला नाही. ४० सेंटिमीटरच्या जागी मात्र दुपटीच्या वर गेला. मालकाने मीटर स्वतः हातात घेऊन पुन्हा बघितलं, आणि त्यानंतर त्या बल्बबद्दल तो काही बोलला नाही.

पातळ पट्टीच्या एलईडीने लो बीममध्ये हॅलोजनशी बरोबरी केली. कड थोडी मऊ, पण कड होती. जवळचा उजेड हॅलोजनपेक्षा जास्त, रंग पांढरा. हाय बीममध्ये मात्र तो मागे पडला. हॅलोजनचा हाय बीम भिंतीवर एक घट्ट, प्रखर गोळा टाकत होता. एलईडीचा गोळा रुंद आणि विरळ. दिवे नसलेल्या रस्त्यावर, समोर कुणी नसताना, लांब बघायचं साधन हाय बीमच आहे, आणि या माणसाचा अर्धा रस्ता तसाच आहे.

रंगाचा मुद्दा लोक फार ताणतात. हॅलोजन ३,२०० केल्विनच्या आसपास, बाजारातले बरेच एलईडी ६,००० किंवा ६,५०० (आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर). धुक्यात पिवळा उजेड "घुसतो" आणि पांढरा नाही, असं ठामपणे सांगितलं जातं. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पण निळसर झाक जास्त असलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांना त्याच तीव्रतेला जास्त खुपतो, हे खरं आहे. पावसात जवळचा झगझगाट जास्त त्रास देतो हेही खरं, पण ते रंगापेक्षा उजेडाच्या वाटपामुळे. बल्ब निवडायचाच असेल तर ४,००० ते ५,००० मधला घ्यावा, एवढंच मी म्हणेन.

एलईडीने वीज वाचते, म्हणून चार्जिंगवरचा ताण कमी होतो, असाही युक्तिवाद मालकाने केला. बऱ्याच मोटारसायकलींत कायम चुंबकाची कॉइल आणि शंट जातीचा रेग्युलेटर असतो. कॉइल आपल्या परीने पूर्ण वीज बनवतच राहते, आणि न वापरलेली वीज रेग्युलेटर शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. अशा गाडीत दिव्याचा भार कमी केला की रेग्युलेटरचं काम उलट वाढतं. तीस-पस्तीस वॅटने तो जळणार नाही, पण फायदा झाला असं समजू नये. बॅटरी आधीच कमजोर असेल किंवा चार्जिंग अपुरं असेल, तर मात्र ती बचत खरी उपयोगाची.

कायद्याचंही बघावं लागतं. हेडलाईटला मंजुरी मिळते ती ठरावीक जातीच्या बल्बसकट, काचेवरच्या खुणा त्यासाठीच असतात. हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या हेडलाईटमध्ये एलईडी घातला की अनेक देशांत ती मंजुरी संपते. अमेरिकेत असा बल्ब रस्त्यावर वापरायला परवानगी नाही. जर्मनीने २०२० मध्ये काही एलईडी बल्बना प्रथम मान्यता दिली, तीही तपासून यादीत टाकलेल्या गाड्या आणि हेडलाईटपुरती. म्हणजे तिथेही मान्यता नुसत्या बल्बला नाही, जोडीला आहे.

डबल सीट

दिवा बसवून झाला, भिंतीवर ५ सेंटिमीटर जुळले, तरी काम संपत नाही. मोटारसायकलचं नाक खाली-वर होतं, आणि कारपेक्षा कितीतरी जास्त. या मालकाच्या मागे आठवड्यातून काही दिवस बायको बसते आणि वर सामानाची बॅग. मागचं सस्पेन्शन तेवढ्याने ३ सेंटिमीटर दबलं. दोन चाकांमधलं अंतर १३० सेंटिमीटर. तीन भागिले एकशे तीस: २.३ टक्के. खाली झुकलेला १ टक्का त्यातून वजा केला तरी कट-ऑफ १.३ टक्के वर जातो. ५० मीटरवर तो हेडलाईटच्या उंचीच्या ६५ सेंटिमीटर वर असतो, म्हणजे जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर. समोरच्या कारचालकाचे डोळे त्याच्या खाली, पूर्ण झोतात. बल्ब हॅलोजन असो की एलईडी.

म्हणून त्याला मागच्या शॉकअपच्या प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा, पाना हातात दिला आणि सीटवर दोघांना बसवून भिंतीसमोर खाच बदलायला लावली. दोन खाचा घट्ट केल्यावर कट-ऑफ पट्टीच्या खाली आला. तेवढं करायचा कंटाळा आला तर हेडलाईटचा स्क्रू किती फेरे फिरवायचा याची खूण रंगाने करून ठेवली.

सध्या गाडीत रिले आणि साधा हॅलोजन आहे. पातळ पट्टीचा एलईडी मी मालकाला देऊ केला होता, पण त्याचं बूड रबरी बूट पूर्ण बंद होऊ देत नव्हतं. एकदा धुळीने माखलेला रिफ्लेक्टर बघितल्यावर तो स्वतःच नको म्हणाला. पुढे एलईडीवर जायचंच ठरलं, तर बल्ब न बदलता रिफ्लेक्टर आणि काचेसकट पूर्ण हेडलाईट बदल, असं त्याला सांगून ठेवलं आहे: जिच्यात एलईडी आणि प्रकाशरचना एकमेकांसाठी बनवलेल्या आहेत, आणि जिच्या काचेवर लो आणि हाय बीमच्या मंजुरीची खूण आहे. त्या हेडलाईटलाही रिलेचा हाच हार्नेस चालेल. फ्यूज तेवढे लहान करावे लागतील.